निविदेच्या मुदतीतला संसार

भिलाई पोलाद कारखान्याच्या फाटकावर पाळी बदलण्याच्या वेळी जी गर्दी लोटते, तिच्यात दोन प्रकारची माणसे असतात. एकाच्या गळ्यात कारखान्याचे ओळखपत्र असते, दुसऱ्याच्या खिशात ठेकेदाराने काढून दिलेला गेट पास. ओळखपत्रामागे निवृत्तीपर्यंतची नोकरी गृहीत असते. गेट पासला मुदत असते, आणि ती कामगाराच्या कौशल्यावर वा वर्तनावर ठरत नाही. ठेकेदाराला मिळालेल्या कामाच्या आदेशावर ठरते. आदेश संपला की पास संपला. भट्टी मात्र चालूच असते, आणि बहुतेक वेळा तोच माणूस काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाचा पास घेऊन त्याच जागी पुन्हा उभा राहतो.

मधल्या त्या दिवसांत त्याच्या घरी काय घडते, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. किराणा दुकानदार, दूधवाला, खोलीचा मालक, शाळेची फी यांपैकी कुणीही निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. कंत्राटी कामगारांच्या प्रश्नाची आपल्याकडील चर्चा आजवर प्रामुख्याने दोन मुद्द्यांभोवती फिरत आली आहे: मजुरी किती द्यायची, आणि कायम करायचे की नाही. पहिल्या मुद्द्यावर थोडीफार प्रगती झाली. दुसऱ्यावर न्यायालयांनी दार जवळजवळ लावून घेतले. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, तो सेवासातत्याचा. ज्याच्या घरात पाळणा हललेला आहे, थोरले मूल शाळेत जाऊ लागले आहे आणि गावी आईवडील थकले आहेत, अशा कामगाराच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे. आणि तो सोडवण्यासाठी कोणा घटनापीठाकडे जाण्याची गरज नाही.

भिलाई हे उदाहरण मराठी वाचकाला परके वाटू नये. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ एकीकडे आणि छत्तीसगड दुसरीकडे गेला. तथापि मुंबई-हावडा लोहमार्ग तोच राहिला आणि नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची माणसे पोटापाण्यासाठी त्याच मार्गाने भिलाईला जात राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळी बांधकामावर ठेकेदाराकडे रोजंदारीने माती वाहणाऱ्या अनेकांना पुढे कारखान्यातच कायम नोकरी मिळाली. कंत्राटी काम हा तेव्हा नोकरीचा उंबरठा होता. ज्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आज भिलाईत किंवा भिलाईतून बाहेर पडून दिल्ली-पुण्यात स्थिरावली आहे, त्यांपैकी कित्येकांच्या आजोबांनी तो उंबरठा ओलांडलेला आहे.

तो उंबरठा कसा उंचावत गेला, याचा सर्वांत बारकाईचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी केला. नव्वदच्या दशकापासून त्यांनी भिलाईत दीर्घ मुक्काम करून केलेल्या संशोधनाचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा भिलाईच्या लोकांच्याच बोलण्यातील दोन शब्दांत आहे: ‘नौकरी’ आणि ‘काम’. कारखान्यातल्या कायम कामगाराला नौकरी असते. ठेक्यावरच्या माणसाला काम मिळते, तेही मिळाले तर. दोघे एकाच शेडमध्ये घाम गाळतात, परंतु त्यांची घरे, मुलांच्या शाळा, सोयरिकी आणि आजारपणे वेगळ्या वाटांनी जातात. ऐंशीच्या दशकात या कारखान्याची कायम कामगारसंख्या साठ हजारांच्या वर होती. २०१० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती निम्म्याहूनही खाली आली. उत्पादन घटले म्हणून हे झाले नाही. कारखान्याचा विस्तार झाला आणि आधुनिकीकरण पूर्ण करून १४ जून २०१८ रोजी तो पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आला. यंत्रांनी काही जागा खाल्ल्या हे खरे. पण कायम कामगार निवृत्त होत गेले तशी त्यांची पुष्कळशी कामे ठेक्याकडे सरकली, हेही तितकेच खरे.

हा केवळ भिलाईचा प्रवाह नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे एक-पंचमांश होते. २०२२-२३ मध्ये ते चाळीस टक्क्यांच्या पुढे गेले. फरक इतकाच की भिलाईत मालक सरकार आहे, आणि आदर्श मालक कसा असावा याचे प्रात्यक्षिक म्हणूनच सरकारने हे नगर उभारले होते. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, कारखान्याच्या शाळा, सेक्टर ९ मधील रुग्णालय या सगळ्यांत एक विचार होता: पोलाद बनवणाऱ्याचे घरही नीट उभे राहिले पाहिजे. ठेका कामगार त्या विचाराच्या कक्षेबाहेर, म्हणजे खुर्सीपारला, सुपेल्याला, जामुलला, कॅम्पच्या वस्तीत किंवा आसपासच्या खेड्यांत राहतो.

ठेक्याचे अर्थकारण सरकारी अधिकाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, कारण निविदा तेच काढतात. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, हा नियम. सिमेंट वा लोखंड खरेदी करताना तो रास्त आहे. पण ज्या कामाच्या खर्चात मुख्य भाग मजुरीचाच असतो आणि किमान वेतन कायद्याने ठरलेले असते, तेथे दर कमी करून करून किती करणार? शून्याच्या जवळ जाणारे सेवाशुल्क भरून ठेका घेणारा मनुष्य आपला नफा कोठून काढतो, हा प्रश्न निविदा उघडणाऱ्या समितीला पडत नसेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. बँक खात्यात पूर्ण मजुरी जमा होते आणि नंतर तिचा काही भाग रोखीने परत मागितला जातो, ही तक्रार भिलाईतील कामगार संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. बँकेतून वेतन देण्याची सक्ती कागद स्वच्छ करते. पुढच्या पासाचे काय, या भीतीवर तिचा काही इलाज नाही. परत मागणाऱ्याला नकार दिला तर नव्या यादीत नाव येईलच याची हमी नसते, आणि घरी चार तोंडे असलेला माणूस ही जोखीम घेत नाही. जो एकटा आहे तो कदाचित भांडेल. संसार जितका मोठा तितका कामगार नमता, हे ठेकेदाराला पक्के ठाऊक असते.

आता सातत्य तुटण्याची किंमत आकड्यांत पाहू. समजा एखाद्याने एकाच विभागात अठरा वर्षे काम केले आणि अखेरची मजुरी रोज ६०० रुपये आहे. उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या सूत्राने दर वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी धरली, तर त्याला १ लाख ६२ हजार रुपये मिळायला हवेत. मुलीचे लग्न, डोक्यावरचे छप्पर किंवा स्वतःचे म्हातारपण यांसाठी एकरकमी हाती पडणारी एवढीच रक्कम त्याच्या आयुष्यात असते. परंतु उपदानाच्या १९७२ च्या कायद्याने एका मालकाकडे पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली. ही अठरा वर्षे जर दोन-दोन वर्षांच्या नऊ ठेकेदारांत वाटली गेली असतील, तर कागदावर त्याची एकही सेवा पाच वर्षांची होत नाही आणि १ लाख ६२ हजारांचे शून्य होते. भरपगारी रजेचे तेच. वर्षातील ठरावीक दिवस भरले की रजा जमू लागते. मध्येच ठेकेदार बदलला की गणती पुन्हा पहिल्यापासून.

आरोग्य विम्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा असावे लागते. सलग काम असणाऱ्याला ही अट कळतही नाही इतकी ती सौम्य आहे. दोन ठेक्यांच्या मध्ये तीन महिने घरी बसावे लागलेल्याला मात्र ती नेमकी आडवी येते, आणि हे त्याला कळते ते आजारी पडल्यावर. स्त्री कामगारांच्या बाबतीत हा पेच आणखी घट्ट होतो. छत्तीसगडमध्ये बांधकामावर डोक्यावरून माल वाहणाऱ्या मजूर स्त्रीला ‘रेजा’ म्हणतात. कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा दिली आहे. पण ज्या रेजेचे काम सहा महिन्यांच्या ठेक्यावर अवलंबून आहे, तिने सव्वीस आठवड्यांची रजा घ्यावी कोणाकडून? पोट दिसू लागले की ती स्वतःच कामावर येणे थांबवते. तिला कोणी काढलेले नसते, म्हणून तक्रारही नोंदवली जात नाही. मूल मांडीवर आले की ती नव्या ठेकेदाराच्या मुकादमापुढे नवी मजूर म्हणून उभी राहते.

बाळंतपण, शाळाप्रवेश, बारावीनंतरचे शिक्षण, घरबांधणी ही कुटुंबाच्या आयुष्यातील कामे दहा, पंधरा, वीस वर्षांच्या पल्ल्याची असतात. गृहकर्ज देणारी बँक नियुक्तीपत्र आणि वेतनपत्रक मागते. ते नसले की उरतो गटकर्जाचा मार्ग, ज्याचा हप्ता पंधरवड्याला, कधी आठवड्याला दारात येतो आणि जो बहुधा घरातील स्त्रीच्या नावावर असतो. २०१६ मध्ये भिलाईला आयआयटी आली. तिथवर पोहोचण्यासाठी शिकवणीवर्गाला दोन वर्षे पैसे भरावे लागतात. ज्या घरातील उत्पन्नाची खात्री पुढच्या सहा महिन्यांपलीकडे जात नाही, तेथे दोन वर्षांचा निर्णय घेतला जात नाही आणि हुशार मुलगाही आयटीआय किंवा थेट ठेकेदाराच्या यादीत जातो. पुढच्या पिढीचा ठेका कामगार असा घरातूनच तयार होतो.

अपघाताबद्दलही येथे लिहिले पाहिजे. १२ जून २०१४ रोजी या कारखान्यात वायुगळती होऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांसह सहा जणांचा मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर स्फोट झाला. वायू कोणाचे ओळखपत्र पाहत नाही. त्यानंतरचे नियम मात्र पाहतात. कायम कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर त्याच्या वारसाला अनुकंपा नियुक्तीची वाट मोकळी असते. ठेका कामगाराच्या वारसाला भरपाई किंवा विम्याचे निवृत्तिवेतन मिळते, आणि नोकरीची मागणी करण्यासाठी फाटकासमोर बसावे लागते.

छत्तीसगडच्या कामगारांनी हा प्रश्न मजुरीपलीकडे नेऊन पाहिला होता, हे दिल्लीत फारसे कोणाला आठवत नाही. भिलाईला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत हजारो मजूर ठेक्यावर खडक फोडत. १९७७ मध्ये तेथे छत्तीसगड माइन्स श्रमिक संघटना उभी राहिली, त्याच वर्षी २ आणि ३ जूनला गोळीबार झाला आणि अकरा कामगार मारले गेले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरी वाढली. मग संघटनेच्या लक्षात आले की वाढलेली मजुरी घरापर्यंत पोहोचत नाही. वाटेत दारूचे दुकान आहे. तेव्हा दारूबंदीची मोहीम संघटनेचे काम बनली, आणि तिचा कणा स्त्रिया होत्या. संघटनेची उपाध्यक्ष असलेली एक कामगार स्त्री बाळंतपणात दगावली, त्या धक्क्यातून आपले प्रसूतिगृह असावे ही कल्पना पुढे आली आणि कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून ३ जून १९८३ रोजी दल्ली-राजहराचे शहीद रुग्णालय सुरू झाले. ‘संघर्ष आणि निर्माण’ असे या संघटनेचे सूत्र होते. ठेक्यावरच्या माणसाचे घर चालले पाहिजे, ही त्यातील ‘निर्माण’ची बाजू.

याच संघटनेच्या परिवाराने १९९० पासून भिलाई परिसरातील खासगी कारखान्यांत ठेका कामगारांच्या स्थायी नोकरीची व जगण्यापुरत्या वेतनाची मागणी उचलली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी यांची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलैला रेल्वेमार्ग अडवून बसलेल्या कामगारांवर झालेल्या गोळीबारात डझनाहून अधिक कामगार मारले गेले. हत्येच्या खटल्याचा अंतिम निकाल जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. गोळी झाडणारा दोषी ठरला, उद्योगपतींसह इतर आरोपी निर्दोष सुटले. जामुलच्या सिमेंट कारखान्यातील ठेका कामगारांना तर आपले गाऱ्हाणे २०१२ मध्ये थेट स्वित्झर्लंडपर्यंत, तेव्हाच्या परदेशी मालकाच्या दारात न्यावे लागले, आणि जानेवारी २०१६ मध्ये समझोता झाला. तोपर्यंत आंदोलन सुरू झाले त्या वेळी जन्मलेली मुले पंचविशीची झाली होती.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा १९७० चा. त्याच्या नावात निर्मूलन आहे, व्यवहारात नियमनही तुटपुंजे झाले. बारमाही स्वरूपाच्या कामात ठेका पद्धती बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. बंद झाल्यावर त्या कामगारांचे काय, हे सांगितले नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या प्रकरणात म्हटले की ते आपोआप मुख्य नियोक्त्याचे कामगार होतील. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत रद्द केले, आणि त्या खटल्यातील अपीलकर्ता होता भिलाईचाच मालक, स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया. ठेका निव्वळ बनावट असेल तर औद्योगिक न्यायाधिकरणाने तसे ठरवावे. तो खरा असेल आणि त्या कामात ठेक्यास बंदी झाली असेल, तर पुढे कायम भरती करताना आधीच्या ठेका कामगारांना वयाची व, तांत्रिक पदे वगळता, शिक्षणाची अट शिथिल करून प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. हा दुसरा भाग बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. आणि प्राधान्य देण्यासाठी मुळात कोण किती वर्षे काम करत होता याची मुख्य नियोक्त्याकडे नोंद हवी. नऊ ठेकेदारांच्या नऊ हजेरीपटांत विखुरलेली अठरा वर्षे कामगाराने सिद्ध करायची कशी? एप्रिल २००६ च्या उमादेवी प्रकरणाने सरकारी सेवेत मागच्या दाराने कायम होण्याचा मार्गही बंद केला. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात न्यायालयाचा सूर थोडा बदलला आणि वर्षानुवर्षे राबवून घेतलेल्यांना केवळ ‘तात्पुरते’ या शिक्क्यावर वाऱ्यावर सोडण्याबद्दल सरकारला खडे बोल ऐकावे लागले. पण प्रत्येक रेजा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या व्यवस्थेत काही गोष्टी निश्चितच चांगल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र, रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांची अट, पिण्याचे पाणी, उपाहारगृह यांसारख्या सोयींची थेट मुख्य नियोक्त्यावर जबाबदारी, मुदतबंद नेमणुकीतल्या कामगाराला एका वर्षानंतरही उपदान. यातील शेवटची तरतूद क्रांतिकारक वाटते, पण ठेका कामगाराला तिचा लाभ व्हायचा तर ठेकेदाराने त्याला तशा लेखी कराराने नेमले पाहिजे. आणि ज्या ठेकेदाराचे अस्तित्वच पुढच्या निविदेपर्यंत आहे त्याच्याकडून उपदान वसूल करणार कोण? दुसरीकडे, कायद्याची कक्षा केंद्रीय क्षेत्रात वीस कामगारांवरून पन्नासवर गेली आहे. महाराष्ट्राने हा बदल आधीच केला होता. एका मोठ्या कामाचे चाळीस-चाळीस माणसांचे तुकडे पाडण्याची कला आपल्या ठेकेदारांना शिकवावी लागत नाही. ‘गाभ्याच्या’ कामात ठेक्यास बंदी आहे खरी. पण साफसफाई, मालाची चढउतार, दिवाणी बांधकाम व त्याची देखभाल, बागकाम, अधूनमधून होणारी कामे हे सर्व त्या गाभ्याबाहेर ठेवले आहे, आणि उरलेल्या गाभ्यालाही अपवाद आहेत. पोलाद कारखान्यात ठेका कामगार जेथे जेथे दिसतो, त्यातील बराच भाग या यादीत बसवता येईल.

राजकारणाने या असुरक्षिततेला स्वतःचे एक उत्तर शोधले आहे. छत्तीसगडमध्ये मार्च २०२४ पासून ‘महतारी वंदन’ योजनेत विवाहित स्त्रीच्या खात्यात दरमहा १ हजार रुपये जमा होऊ लागले; महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये. या योजनांना ‘रेवडी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ज्या घरात पुरुषाच्या उत्पन्नाला महिन्याची शाश्वती नाही, तेथे ही रक्कम लहान असूनही नियमित आहे, आणि तिचे मोल तिच्या नियमितपणात आहे. विसंगती वेगळीच आहे. जे सरकार कल्याणकारी म्हणून त्या घराला दरमहा १ हजार रुपये देते, तेच नियोक्ता म्हणून त्या घरातील कर्त्याची अठरा वर्षे शून्य धरते. या विसंगतीवर निवडणूक होत नाही, कारण ठेका कामगार एकगठ्ठा मतदार नाही, आणि कारखान्यातील मान्यताप्राप्त संघटना ठरवणाऱ्या निवडणुकीत तर त्याला मतच नसते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला आणि तरुणांच्या संतापामुळे पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. संताप स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा होता, म्हणून तो ऐकू आला. शासकीय इमारतींत आधीपासून ठेक्यावर असलेले संगणकचालक, शिपाई, सफाई कामगार, वाहनचालक त्या वादात कोठेच नव्हते. दिल्लीतील मंत्रालयांच्या मार्गिकांतून फिरतानाही ते दिसतात. त्यांत मराठी मुलेही आहेत, आणि लग्न ठरताना ‘केंद्र सरकारात आहे’ एवढेच सांगण्याची वेळ त्यांच्यावर येते.

सर्वांना कायम करा, ही मागणी नैतिकदृष्ट्या योग्य असली तरी नजीकच्या काळात ती पूर्ण होईल असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोलादाची बाजारपेठ चढउतारांची आहे, काही कामे खरोखर हंगामी असतात, आणि व्यवस्थापनाला काही लवचिकता हवी हेही मान्य. परंतु लवचिकता ठेकेदार बदलण्यात असावी. तीच माणसे राहणार असतील तर त्यांची वर्षे पुसण्याचे कारण काय? सेवा एका मालकाशी न बांधता सातत्य राखता येते, हे महाराष्ट्राने १९६९ मध्येच दाखवून दिले आहे. माथाडी कामगाराला रोज नवा व्यापारी, नवी गोदी, नवा माल. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून झालेल्या कायद्याने मंडळे नेमली. कामगार मंडळाकडे नोंदला गेला, मालकांनी मजुरी आणि तीवर ठरावीक लेव्ही मंडळात भरली, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा मिळू लागली. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही तसाच कायदा झाला. माथाडीच्या नावाखाली खंडणीखोरी करणाऱ्यांनी ही व्यवस्था काही ठिकाणी बदनाम केली, त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण ज्या हमालाच्या पाठीवरचे ओझे कधी एका मालकाचे नव्हते, त्याची सेवा एकसंध मोजता येते हे तिने सिद्ध केले. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यालाही २०१४ पासून एकच क्रमांक आहे आणि तो मालक बदलला तरी बदलत नाही. जे निधीला जमले ते उपदानाला आणि रजेला जमणार नाही असे काही नाही.

भिलाईसारख्या सार्वजनिक कारखान्यात तर मंडळही नको. ठेका कामगारांची नोंदवही मुख्य नियोक्त्याने ठेवावी. काम तेच राहून ठेकेदार बदलला तर नव्याने जुन्या कामगारांना प्रथम घ्यावे आणि कोणाला घेतले नाही तर कारण लेखी द्यावे. उपदान आणि रजेचा वाटा ठेकेदाराच्या बिलातून दरमहा वेगळा काढून कामगाराच्या नावे ठेवावा. दोन ठेक्यांमधील खंड निविदेच्या विलंबामुळे पडला असेल तर तो सेवेतील खंड धरू नये. यामुळे खर्च वाढेल का? थोडा वाढेल. किंबहुना तो आजही आहेच, फक्त कामगाराच्या घरात सोसला जातो आणि म्हणून हिशेबात दिसत नाही. सर्वांत कमी दराच्या स्पर्धेतून मजुरीशी निगडित रक्कम बाहेर काढली, तर ठेकेदारांनाही आपसांत कामाच्या दर्जावर चढाओढ करावी लागेल. प्रामाणिक ठेकेदार, आणि तेही आहेत, याचे स्वागतच करतील.

यातील बहुतेक गोष्टींना संसदेचा कायदा लागत नाही. सर्वसाधारण निविदा अटींत काही परिच्छेद घालावे लागतील आणि पोलाद मंत्रालयाला आपल्या कंपन्यांना तसे कळवावे लागेल. अगदी प्राथमिक पायरी म्हणून गेट पासवर मुदत संपण्याच्या तारखेसोबत त्या कामगाराने कारखान्यात प्रथम पाऊल ठेवल्याची तारीख छापता येईल. ही माहिती प्रवेशाच्या नोंदींत पडून असतेच. नव्या संहितांच्या चौकटीत ठेक्याचे करार बदलावे लागणार आहेत, त्या निमित्ताने निविदांचे नमुने पुन्हा लिहिले जातील. ते ज्या टेबलांवर लिहिले जातात, त्यांपैकी काही टेबलांमागे या पानाचे वाचकही बसलेले आहेत.